टेबलावर मावणारं वाफेचं इंजिन

वाफेवर चालणारं छोटं यंत्र मराठी वाचकाला नवीन नाही. जत्रेत पाण्यानं भरलेल्या परातीत गोल गोल फिरणारी पत्र्याची फटफट बोट त्यानं पाहिलेलीच असते. तिच्या पोटात एक चपटी टाकी, टाकीतून मागे निघालेल्या दोन नळ्या आणि खाली तेलात भिजलेली वात. दट्ट्या नाही, चाक नाही, झडप नाही. टाकीतलं थेंबभर पाणी उकळतं, वाफ नळ्यांतलं पाणी मागे ढकलते, मग तीच वाफ थंड होऊन आकसते आणि बाहेरचं पाणी पुन्हा आत ओढलं जातं. बाहेर पडणारं पाणी सरळ धारेत मागे जातं. आत येणारं मात्र नळीच्या तोंडाभोवतीच्या सगळ्या बाजूंनी गोळा होऊन येतं. म्हणून बोट जागच्या जागी न डुचमळता पुढे सरकते. थॉमस पियो या फ्रेंच माणसानं 1891 मध्ये ब्रिटनमध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. फटफट आवाज नंतरच्या सुधारणेतला; टाकीच्या वरचा लवचीक पत्रा आतबाहेर होतो त्याचा तो.

या पुस्तकात फटफट बोटीवर प्रकरण नाही. तरीही सुरुवात तिच्यापासून केली, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणांत जो प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे तो तिच्या पोटात आहे: वाफ थंड होते. बोट या थंड होण्यावरच चालते. आपल्या टेबलावरची इंजिनं, म्हणजे दट्ट्याची, चाकाची, शिट्टीची, ती त्यामुळेच अडतात.

जुनं मॉडेल इंजिन दुरुस्त करायला घेणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो दाबाचा. इंजिन चार फेरे मारून थांबतं, मग प्रेशर वाढवायचं का? ज्योत मोठी करायची का? सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग थोडी आवळायची का? तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर नाही असंच आहे, आणि हे पुस्तक म्हणजे त्या नकाराचं सविस्तर स्पष्टीकरण आहे. छोट्या इंजिनाला बहुधा वाफ कमी पडत नाही. मिळालेली वाफ ते वाया घालवतं. थंड धातूवर, गळक्या सांध्यांतून, घट्ट बसलेल्या बेअरिंगमध्ये. ट्यूनिंग म्हणजे ही उधळपट्टी एकेक करून बंद करणं.

हे कोड्यात टाकणारं वागणं ज्याला पहिल्यांदा नीट उमगलं तो माणूसही एक मॉडेल दुरुस्त करत होता. 1763 च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठानं खाणीतलं पाणी उपसणाऱ्या न्यूकोमेन इंजिनाचं आपलं छोटं मॉडेल जेम्स वॉट या सत्तावीस वर्षांच्या उपकरण-कारागिराकडे दिलं. त्याआधी ते लंडनला एका नामवंत कारागिराकडे दुरुस्तीला जाऊन आलं होतं, पण चालत नव्हतं. सिलिंडर दोन इंच व्यासाचा, दट्ट्याची फेक सहा इंचांची. वॉटनं ते चालतं केलं, पण काही ठोक्यांनंतर वाफ संपून ते थांबायचं. इथं सामान्य कारागिरानं बॉयलर मोठा केला असता. वॉट मोजत बसला. प्रत्येक ठोक्याला सिलिंडरच्या आकारमानाच्या कितीतरी पट वाफ लागते असं त्याला आढळलं. बाकीची नुसती सिलिंडरचा धातू तापवण्यात जात होती. न्यूकोमेनच्या रचनेत दर ठोक्याला सिलिंडरमध्ये थंड पाणी फवारलं जायचं, म्हणजे तापवलेला धातू दर वेळी पुन्हा गार. मोठ्या इंजिनातही हे घडत होतं, पण खाणीच्या तोंडाशी कोळसा स्वस्त होता, कुणाला फारसं बोचत नव्हतं. मॉडेलमध्ये ते लपून राहिलं नाही. 1765 मध्ये वॉटला वेगळ्या कंडेन्सरची कल्पना सुचली, 1769 मध्ये पेटंट मिळालं. ते मॉडेल ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे.

मॉडेलमध्ये का लपलं नाही, याचा हिशेब साधा आहे. एखादं इंजिन सगळ्या बाजूंनी दहापट लहान केलं तर सिलिंडरच्या आतला पृष्ठभाग शंभरपट कमी होतो, पण आत मावणारी वाफ हजारपट कमी होते. म्हणजे वाफेच्या प्रत्येक कणामागे उष्णता शोषून घेणारा धातू दहापट वाढला. मॉडेल दिसायला मोठ्या इंजिनाची प्रतिकृती असतं, वागायला अजिबात नाही. रेल्वेच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले फिटरही छोट्या इंजिनापुढे पहिल्यांदा चक्रावतात ते यामुळेच.

आपल्याकडे घराच्या आवारात वाफेचं छोटं इंजिन घडवल्याचं ठळक उदाहरण मुंबईचं आहे. माझगावचे अर्देशीर कर्सेटजी, वाडियांच्या जहाजबांधणी घराण्यातले, जन्म 1808 चा. गोदीतली नोकरी सांभाळून त्यांनी राहत्या घरी स्वतःची फाउंड्री घातली आणि तिथं एक अश्वशक्तीचं इंजिन तयार केलं. काम काय, तर विहिरीचं पाणी उपसून कारंजं उडवायचं. 1833 मध्ये त्यांनी ‘इंडस’ हे छोटं जहाज पाण्यात सोडलं, 1834 मध्ये माझगावचा बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळला, आणि 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून ते निवडले गेले. हा मान मिळवणारे पहिले भारतीय. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली ती 1853 मध्ये, म्हणजे कारंज्याच्या इंजिनानंतर साधारण वीस वर्षांनी. बंगालमध्ये टिटागढचा गोलोकचंद्र हा लोहार तर त्याहून आधीचा. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांच्या कागद गिरणीतलं इंग्लंडहून आलेलं इंजिन पाहून त्यानं स्वतःचं घडवलं, आणि 1828 मध्ये कलकत्त्याच्या कृषी संस्थेच्या प्रदर्शनात त्याला पन्नास रुपयांचं बक्षीस मिळालं. आपल्या शाळेच्या पुस्तकांत वॉटची किटली असते. कारंजं उडवणारे अर्देशीर मात्र तिथं भेटत नाहीत. किटलीची गोष्ट बहुतांशी दंतकथा आहे, कारंज्याची नाही.

छंद म्हणून या कामाला आकार आला तो इंग्लंडात. पर्सिव्हल मार्शल यांनी जानेवारी 1898 मध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केलं आणि कारकून, शिक्षक, घड्याळजी घरच्या शेडमध्ये लेथ चालवू लागले. त्याच नियतकालिकात ‘एल.बी.एस.सी.’ या टोपणनावानं लिहिणाऱ्या लेखकानं 1920 च्या दशकात मोठा वाद ओढवून घेतला. अडीच इंच गेजच्या रुळांवरचं, कोळशावर चालणारं आगगाडीचं इंजिन जिवंत माणसाला ओढू शकतं, असं त्याचं म्हणणं; ज्येष्ठ मंडळींनी ते हसण्यावारी नेलं. त्यानं ‘आयेशा’ नावाचं इंजिन बांधून माणूस ओढून दाखवला. त्याचं यश बॉयलरच्या आतल्या मांडणीत होतं, दाब चढवण्यात नव्हतं. हे मी मुद्दाम पुन्हा सांगतो.

भारतातल्या माळ्यांवरून आणि जुन्या बाजारांतून आज जी इंजिनं हाती येतात ती बहुतेक तीन घरांची. बर्मिंगहॅमचं मामोड, 1937 पासूनचं: पितळी बॉयलर, डुलणारा सिलिंडर, हिरवा-तांबडा रंग, मुलांचं खेळणं. जर्मनीतल्या ल्युडेनशाइडचं विलेस्को. कारखाना 1912 चा, इंजिनं 1950 पासूनची, जास्त नेटकी, पाणी दाखवणाऱ्या काचेसकट. आणि हेन्ली-ऑन-थेम्सच्या स्टुअर्ट टर्नरची इंजिनं, जी ओतीव भागांच्या रूपात मिळत आणि विकत घेणाऱ्यानं स्वतः लेथवर कातून जुळवायची असत. त्यांचं ‘10 व्ही’ हे उभं इंजिन पाऊण इंच बोअर, पाऊण इंच फेक, म्हणजे सुमारे 19 मिलिमीटर. हे तिसरं घर सर्वांत रंजक आणि सर्वांत फसवं. मामोड कसं वागेल ते कारखान्यानं ठरवलेलं असतं. स्टुअर्ट कसं वागेल ते पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कुणा अनोळखी माणसाच्या हातावर अवलंबून असतं, आणि त्याचा हात कसा होता हे उघडल्यावरच कळतं.

इंजिन हाती आलं की रंगाकडे जाऊ नका. पॉलिशकडे तर नकोच. आधी बॉयलर.

तांब्याचा बंब ज्या घरात होता त्या घराला बॉयलर समजावून सांगावा लागत नाही. मधोमध जाळाची नळी, भोवती पाणी, वर धुराडं. उभ्या मॉडेल बॉयलरचा आडवा छेद काढला तर पुण्याच्या तांबट आळीतला बंबच दिसतो. फरक एकच, पण प्राणावर बेतणारा: बंबाचं तोंड मोकळं असतं, बॉयलरचं बंद. म्हणून पहिली चाचणी विस्तवाची नव्हे, थंड पाण्याची. बॉयलर हवेचा बुडबुडाही न ठेवता पाण्यानं काठोकाठ भरायचा आणि हातपंपानं नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाब देऊन गेजचा काटा खाली येतो का ते पाहत बसायचं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. सांधा सुटला तर पाण्याची बारीक धार उडते, इतकंच. हीच चाचणी कॉम्प्रेसरच्या हवेनं करणारे लोक मी पाहिले आहेत. अशा वेळी मी खोलीबाहेर जातो.

खेळण्यातल्या बऱ्याच बॉयलरचे सांधे शिसं-कथलाच्या साध्या डागाचे असतात. हा डाग 183 अंश सेल्सियसला वितळू लागतो. दीड बार दाबाची वाफ सुमारे 127 अंशांची. मधलं अंतर पुरेसं वाटतं, आणि आत पाणी आहे तोवर ते खरंच पुरेसं असतं. पाणी संपलं की ज्योतीची सगळी उष्णता थेट पितळेत जाते आणि सांधे बघता बघता ओघळतात. म्हणून नियम असा की पाणी संपायच्या आत इंधन संपलं पाहिजे. इंधन मोजून घाला, पाणी सढळ. स्पिरिटची ज्योत उन्हात जवळपास दिसतच नाही, तेव्हा ‘विझली’ असं डोळ्यांनी ठरवून वरून स्पिरिट ओतू नका. आणि जुन्या इंजिनाच्या ग्लँडमधून करडी, तंतुमय दोरी निघाली तर ती अॅस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी खरवडू नका. ओली करून काढा, पिशवीत बंद करा. तिच्या जागी ग्रॅफाइटचं सूत किंवा नळकाम करणारे वापरतात ती पांढरी टेप चालते.

या सगळ्यात सरकार तुमच्या मदतीला येणार नाही, हे इथंच सांगितलेलं बरं. 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली आणि पुढच्या वर्षी बंगालसाठी तपासणीचा कायदा झाला; त्यातून पुढे 1923 चा देशव्यापी बॉयलर कायदा आला आणि 2025 मध्ये त्याची जागा नव्या कायद्यानं घेतली. पण 25 लिटरपेक्षा कमी धारणेचं भांडं या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. साखर कारखान्यातल्या बॉयलरला निरीक्षक येतो, परवानाधारक अटेंडंट लागतो. तुमच्या अर्ध्या लिटरच्या बॉयलरचे निरीक्षक तुम्हीच. चाचणीची वही ठेवा. तारीख, दाब, काटा किती वेळ स्थिर राहिला. ही वही कुणी मागणार नाही, तरी ठेवा.

बॉयलर पास झाला की मग मौज. डुलत्या सिलिंडरच्या इंजिनात सिलिंडरचा सपाट चेहरा आणि स्टँडचा सपाट चेहरा एकमेकांवर घासत डुलतात, आणि त्यांतली छिद्रं समोरासमोर आली की वाफ आत किंवा बाहेर जाते. हे दोन चेहरे खरे सपाट असतील तर मागची स्प्रिंग अगदी सैल चालते. नसतील तर गळती थांबवायला स्प्रिंग आवळावी लागते आणि इंजिनाची सगळी ताकद घर्षणात जाते. जाड काचेवर आठशे, मग दोन हजार नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून हलक्या हातानं इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा. पितळ चमकवायची पेस्ट सिलिंडरच्या आत घालून इंजिन ‘मोकळं’ करणारे आहेत. त्या पेस्टमधली पूड पितळेत रुतून बसते आणि नंतर वर्षानुवर्षं दट्ट्या झिजवत राहते. जमलेलं डुलत्या सिलिंडरचं इंजिन तोंडानं फुंकून चालतं. ही माझी कसोटी; गेजपेक्षा मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

सरकत्या झडपेच्या इंजिनात डोळ्यांपेक्षा कान उपयोगी. बाहेर पडणाऱ्या वाफेचे ठोके सारख्या अंतरानं यायला हवेत. एक जोरकस, एक दुबळा असं ऐकू आलं तर झडप एका टोकाला जास्त उघडते आहे. झडपेच्या दांड्यावरचा नट अर्धा फेरा फिरवून पुन्हा ऐका. एक्सेंट्रिकला हात लावण्याआधी हे करून बघा, कारण तो हलवला की मूळ जागा सापडायला दुपार जाते.

आणि मग थंडी. वाफेच्या नळीवर सुती दोरा गुंडाळा, सिलिंडरला लाकडी पट्ट्यांचं वेष्टण द्या, सुरुवातीला चाक हातानं फिरवत सिलिंडर गरम होऊ द्या. आत साचलेलं पाणी दाबलं जात नाही हे बॉयलरच्या चाचणीत सोयीचं होतं. सिलिंडरमध्ये तेच पाणी दट्ट्याचा दांडा वाकवू शकतं. शिलाई मशीनचं तेल इथं निरुपयोगी, ओली वाफ ते धुऊन नेते. चरबीचा अंश असलेलं जाड सिलिंडर ऑईल लागतं, आणि ते पोचवणारी डिस्प्लेसमेंट लुब्रिकेटर ही युक्ती मला या सगळ्या विद्येत सर्वांत आवडते. एका छोट्या डबीत तेल, वर वाफेच्या नळीला जोडणारं बारीक छिद्र. थोडी वाफ डबीत शिरते, थंड होऊन पाणी होते, पाणी जड म्हणून तळाशी जातं आणि तेवढंच तेल वर उचललं जाऊन वाफेबरोबर सिलिंडरकडे निघतं. हलणारा एकही भाग नाही. इतर सगळीकडे ज्या थंड होण्याशी भांडतो, त्यालाच इथं कामाला लावलेलं आहे.

आता बोम्मसंद्र्याविषयी, कारण हे पुस्तक इथं लिहिलं गेलं आणि ते त्यात दिसतं. होसूर रस्त्यावरचं, आनेकल तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना औषध कंपन्या आणि हृदयाच्या इस्पितळामुळे माहीत असतं. ऑगस्ट 2025 पासून बेंगळुरू मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचं शेवटचं टोक म्हणूनही. मला ते औद्योगिक वसाहतीच्या आतल्या गल्ल्यांमुळे प्रिय आहे. शटरमागे एक-दोन सीएनसी मशीन, शेजारी हीट ट्रीटमेंट, त्यापलीकडे प्लेटिंग, कोपऱ्यावर पितळेच्या सळ्यांचे उरलेले तुकडे किलोवर. मोटारी आणि विमानांचे भाग कातणाऱ्या माणसापुढे 19 मिलिमीटरचा दट्ट्या ठेवला की तो आधी हसतो, मग मायक्रोमीटर काढतो. जे इथं मिळत नाही ते शहरात एस.पी. रोडला मिळतं. ओतीव लोखंडाचं फुटलेलं फ्लायव्हील मात्र मी बेळगाव-कोल्हापूरकडे पाठवतो. तिथल्या फाउंड्रींना लहान नग करायचा कंटाळा असतो, पण मराठीत गळ घालता येते.

लेथ कुठला, हे वाचक विचारणारच. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे, आता कारखाना बंद पडल्यानं फक्त जुन्या बाजारात मिळणारे लेथ भक्कम असतात, पण फ्लॅटच्या स्लॅबवर चढवण्याजोगे नाहीत. एच.एम.टी.चंही तेच. खालच्या मजल्यावर स्वतःची जागा असेल तरच त्या वाटेला जा. नाहीतर छोटा बेंच लेथ पुरे. या पुस्तकातलं ऐंशी टक्के काम कानस, काच आणि संयम यांवर होतं.

गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर. पाणी इथं 97 अंशांच्या आसपासच उकळू लागतं. मुंबईत लिहिलेली वेळापत्रकं इथं थोडी चुकतात, आणि इथली मुंबईत. गेजचा काटा मात्र फसत नाही, कारण तो भोवतालच्या हवेपेक्षा किती जास्त एवढंच सांगतो. खरी अडचण पाण्याची आहे. इथं बोअरवेल आणि टँकर. दोन्ही जड पाणी. महिन्याभरात बॉयलरच्या आत पांढरा थर धरतो आणि उष्णता पाण्यापर्यंत पोचेनाशी होते. मी गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून वापरतो. थर काढायला लिंबूसत्त्वाचं सौम्य द्रावण चांगलं, पण रात्रभर ठेवू नका. पितळेवर गुलाबी छटा दिसली तर तिला स्वच्छता समजू नका. पितळेतलं जस्त निघून गेलं आहे आणि मागे उरलेला धातू सच्छिद्र, दुबळा आहे. असा बॉयलर शोभेला ठेवावा, पेटवू नये.

रंगाबद्दल पुस्तकात फार थोडं आहे, ते मुद्दाम. मूळ रंग साठ टक्के जरी शिल्लक असेल तर त्याला हात लावू नये असं माझं मत आहे. नव्या रंगाखाली एखादं इंजिन कुठून आलं, कुणी कसं वापरलं हे सगळं गाडलं जातं आणि सगळी मामोड एकसारखी दिसू लागतात. ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी शेवटी दोन पानं दिली आहेत. त्यांत जुन्या रंगातल्या शिशापासून जपायचं कसं, तेही आहे.

मापांबद्दल एक सूचना. पुस्तकात सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत, पण इंग्लिश इंजिनांवरचे बारीक स्क्रू बहुधा बी.ए. (ब्रिटिश असोसिएशन) आट्यांचे असतात आणि ते मेट्रिकच्या इतके जवळ असतात की घात होतो. 6 बी.ए. चा व्यास 2.8 मिलिमीटर, पिच 0.53, एम 3 चा व्यास 3, पिच 0.5. एम 3 चा स्क्रू 6 बी.ए. च्या भोकात दोन फेरे जातो, मग अडतो, आणि तिसऱ्या फेऱ्याला पितळेतले आटे कापून टाकतो. आट्यांचा कोनही वेगळा: बी.ए. चा साडेसत्तेचाळीस अंश, मेट्रिकचा साठ. पहिलं प्रकरण उघडण्याआधी 2, 4 आणि 6 बी.ए. चे टॅप मागवून ठेवा. ते यायला वेळ लागतो.

बोम्मसंद्रा, बेंगळुरू